गारव्याचा हिशेब वृत्तपत्रांनी स्वतःपासून मांडावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा सुरू झाला की मराठी वृत्तपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर विजेच्या बचतीविषयीचा मजकूर ठरलेल्या क्रमाने येऊ लागतो. आधी तापमानाचे तक्ते येतात, मग विजेच्या मागणीने गाठलेल्या उच्चांकाची बातमी येते आणि त्यापाठोपाठ शहरी मध्यमवर्गाने एसीचा मोह आवरावा, असे सांगणारे अग्रलेख आणि चर्चा येतात. या उपदेशातील तांत्रिक भाग बहुतांशी बरोबर असतो. मी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात आणि २००५ साली त्याचे विभाजन झाल्यावर त्यातून निघालेल्या कंपनीत अभियंता म्हणून नोकरी केली, निवृत्तीनंतर चंद्रपुरातच स्थायिक झालो, आणि वीज जपून वापरावी हे माझेही ठाम मत आहे. माझा आक्षेप इतकाच आहे की उपदेश करणारी प्रसारमाध्यमे या हिशेबातून स्वतःला पूर्णपणे वगळतात, आणि तसे वगळल्यामुळे दोष कोणाचा हे ठरवण्यातही चूक करतात.

जून २०२५ मधील एक प्रसंग आठवावा. एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येऊ नये, असा नियम करण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी तेव्हा जाहीर केला. त्यानंतर मी ज्या चर्चा पाहिल्या, त्यांत सरकार आता लोकांच्या शयनगृहातील तापमानही ठरवणार काय, हाच प्रश्न चढ्या आवाजात पुन्हा पुन्हा विचारला जात होता. एप्रिल-मे महिन्यांत सामान्य माणसाला एसीचा मोह आवरण्याचे धडे देणाऱ्या वाहिन्यांनी जूनमध्ये त्याच सामान्य माणसाच्या गारव्याच्या हक्काची बाजू घ्यावी, हा विरोधाभास मला अस्वस्थ करतो. दोन्हींपैकी कोणतीही एक भूमिका प्रामाणिकपणे घेता येते. सक्तीने बचत होत नाही, असे कोणी मानत असेल तर त्याने तसे उन्हाळाभर सांगावे. मर्यादा आवश्यक आहे असे मानत असेल तर नियम आल्यावर त्याच्या मागे उभे राहावे. परंतु त्या चर्चांमध्ये ज्या खोलीत बसून ही चर्चा चालली आहे, त्या खोलीचे तापमान किती अंशांवर ठेवले आहे, हा साधा प्रश्न एकाही निवेदकाने विचारल्याचे मी ऐकले नाही.

तो प्रश्न विचारायला हवा होता, कारण त्याचे उत्तर पडद्यावर दिसत असते. मे महिन्याच्या अखेरीस, विदर्भात पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना, मुंबईच्या स्टुडिओतील निवेदक गळाबंद टाय आणि जाड कापडाचा कोट घालून बसलेले असतात आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नसतो. अशा पोशाखात एखादी व्यक्ती तासभर चर्चा चालवू शकते, याचा अर्थ ती खोली २४ अंशांच्या बरीच खाली थंड केलेली असणार, हे समजायला अभियंता असण्याची गरज नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०१८ मध्ये एसी २४ अंशांवर ठेवण्याची मोहीम सुरू केली, तेव्हा नेमके याच सवयीवर बोट ठेवले होते. अनेक व्यापारी आस्थापनांत तापमान १८ ते २१ अंशांवर ठेवले जाते, तेथे माणसांना गरम कपडे घालावे लागतात किंवा पांघरूण घ्यावे लागते, आणि हा विजेचा अपव्यय आहे, असे त्या वेळी सरकारने स्पष्ट म्हटले होते. पुढे १ जानेवारी २०२० पासून तारांकित, म्हणजे वीजबचतीनुसार तारे दिलेले, घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून यावेत, असा नियम झाला. तो नियम खोलीत बसवायच्या यंत्रांसाठी होता. मोठ्या इमारतींतील मध्यवर्ती शीतकरण यंत्रणेला त्याने हात लावला नाही, आणि माध्यमसमूहांची मुख्य कार्यालये बहुधा अशाच इमारतींत असतात. म्हणजे घरातल्या माणसाला नियम लागू झाला, आणि त्या नियमाची बातमी देणाऱ्याच्या इमारतीला केवळ सल्ला मिळाला.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. २० ऐवजी २५ अंशांवर चालणारे कार्यालय किती वाचवील, याचा अंदाज त्यावरून कोणालाही करता येईल. जुन्या काळी स्टुडिओतील दिवे प्रचंड उष्णता फेकत असत आणि ती बाहेर काढण्यासाठी जास्त शीतकरण लागत असे. आता एलईडी दिवे आल्याने तेही कारण बरेचसे उरलेले नाही. जपानमध्ये २००५ साली पंतप्रधान कोइझुमी यांच्या सरकारने ‘कूल बिझ’ ही मोहीम सुरू केली. उन्हाळ्यात कार्यालयांचे तापमान २८ अंशांवर ठेवावे आणि कर्मचाऱ्यांनी कोट व टाय घालू नयेत, असे सांगताना त्या सरकारातील मंत्री आणि स्वतः पंतप्रधान टायविना लोकांसमोर आले. आपल्याकडे सुती सदरा घालून बातम्या दिल्या तर त्या बातम्यांची विश्वासार्हता कमी होईल, असे कोणत्याही संपादकाने मानू नये. आपला देश जपानपेक्षा कितीतरी अधिक उष्ण आहे, आणि सुती कापडाची आपली परंपरा फार जुनी आहे.

एका स्टुडिओच्या किंवा एका वृत्तपत्र कार्यालयाच्या विजेने राज्याच्या मागणीत लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही, असे उत्तर मला मिळेल. ते खरे आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटवर गेली होती, आणि त्या आकड्यापुढे सगळ्या वाहिन्यांचे सगळे स्टुडिओ मिळूनही नगण्य ठरतील. पण हेच गणित एका घरातील एका एसीलाही लागू पडते. त्या एका घराला मात्र, तुझ्यासारखी लाखो घरे मिळून मागणी होते, असे सांगितले जाते आणि ते योग्यच आहे. कार्यालये, मॉल, बँका, हॉटेले आणि स्टुडिओ मिळूनही एक मागणी होते, आणि तिच्यावर अग्रलेख येत नाहीत. आम्ही व्यापारी दराने पूर्ण बिल भरतो, हा दुसरा बचाव मी ऐकला आहे. घरगुती ग्राहकही बिल भरतो, आणि एसी लावल्यावर त्याचे युनिट वरच्या टप्प्यात जाऊन त्याला दरही वाढीव पडतो. बिल भरले म्हणून वापराबद्दल प्रश्न विचारू नयेत, हा युक्तिवाद त्याच्यासाठी मान्य होत नसेल तर इतरांसाठीही होऊ नये.

आता जाहिरातींबद्दल लिहितो, कारण माझ्या दृष्टीने मुद्द्याचा सर्वांत गंभीर भाग तेथे आहे. मार्चपासून जूनपर्यंत वृत्तपत्रांचे पहिले पान अनेकदा एसीच्या पूर्ण पानी जाहिरातीने झाकलेले असते. काही क्षणांत खोली गोठवणारी शक्ती, बर्फाच्छादित शिखरे, रजई ओढून झोपलेले कुटुंब, शून्य टक्के व्याजाचे हप्ते, जुने यंत्र द्या आणि नवे घ्या, असा तो सगळा मजकूर असतो. ते पान उलटले की उष्णतेच्या लाटेची बातमी असते, आणि आणखी काही पाने उलटली की चंगळवादाने पृथ्वी तापवल्याचा लेख असतो. जाहिरातींवाचून वृत्तपत्र चालत नाही, हे मला समजते, आणि एसीची जाहिरात घेऊच नका असे मी म्हणणार नाही. पण जाहिरातीच्या मजकुरावर अटी घालण्याचा अधिकार प्रत्येक दैनिकाला आहे आणि तो इतर बाबतींत वापरलाही जातो. एसीच्या जाहिरातीत तारांकन, वर्षभरातील अंदाजित युनिट आणि २४ अंशांची शिफारस ठळक अक्षरांत असल्याशिवाय आम्ही ती छापणार नाही, असे एका तरी मराठी दैनिकाने जाहीर करावे. भारतात वर्षाला एक कोटीहून अधिक एसी विकले जात असताना, ग्राहक पहिला एसी घेतो त्या क्षणी त्याच्यापुढे कोणती माहिती ठेवली जाते, यावर पुढील आठ-दहा वर्षांचा वीजवापर ठरतो. तीन तारे आणि पाच तारे यांतला फरक दुकानात समजावून सांगणारा माणूस क्वचित भेटतो. ते काम वृत्तपत्राचे आहे, आणि त्यासाठी जागाही आहे, फक्त ती जागा सध्या बर्फाच्या शिखरांना विकली जाते.

मी चंद्रपुरातून लिहीत आहे, म्हणून या गारव्याची दुसरी बाजू येथे सांगणे मला आवश्यक वाटते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. दुर्गापूर, पद्मापूर आणि आसपासच्या खाणींचा कोळसा त्याला लागतो आणि इरई धरणाचे पाणी लागते. येथून भिवंडी तालुक्यातील पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीची उच्चदाब एकदिश (डीसी) वीजवाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली, आणि तिची क्षमता १,५०० मेगावॉट आहे. म्हणजे राज्याच्या पूर्व टोकाला तयार होणारी वीज पश्चिम टोकावरील शहरांच्या जाळ्यात नेण्यासाठीच ती उभारलेली आहे. मी या व्यवस्थेचा भाग होतो आणि तिच्या अभियांत्रिकीचा मला अभिमान आहे. पण विजेबरोबर राख आणि धूर पडघ्याला जात नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रदूषणाच्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे होते.

हिशेब साधा आहे. दीड टनी एसी पूर्ण भाराने तासाला सुमारे दीड युनिट घेतो. कॉम्प्रेसर अधूनमधून थांबतो हे धरले तरी रात्रभरात आठ-दहा युनिट होतात. रात्री सौर वीज नसते, म्हणून त्यातील मोठा वाटा कोळशावरच तयार होतो. एका युनिटमागे साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि आपल्याकडील कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. एका खोलीच्या एका रात्रीच्या गारव्यामागे दोन किलोच्या आसपास राख कोठेतरी पडते, आणि ते ठिकाण बहुधा चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ किंवा परळी असते. मोठ्या इमारतीचे शीतकरण हे शेकडो खोल्यांएवढे असते. हे आकडे मी घरगुती ग्राहकाला घाबरवण्यासाठी दिलेले नाहीत. उष्णतेच्या लाटेचे वार्तांकन करण्यासाठी वाहिन्या आमच्या शहरात येतात, सूर्याकडे कॅमेरा वळवतात, रसवंतीवर दोन प्रतिक्रिया घेतात आणि चंद्रपूर जगातील सर्वाधिक उष्ण शहरांच्या यादीत असल्याचे सांगून निघून जातात. त्याच बातमीत येथील वीज कोठे जाते, हे वाक्य क्वचितच असते. येथून बातमी पाठवणारा तालुक्याचा वार्ताहर बहुधा मानधनावर असतो, भर दुपारी दुचाकीवर फिरतो, आणि त्याने पाठवलेल्या मजकुरावर मुंबईच्या थंड दालनात शीर्षक चढते. त्या वार्ताहराच्या उन्हाची काळजी कोणत्या व्यवस्थापनाने घेतली, हेही वाचकांना कळायला हवे.

एसी वापरणारा माणूस म्हणजे चंगळवादी, ही जी प्रतिमा अग्रलेखांतून तयार झाली आहे, ती वस्तुस्थितीला धरून नाही. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने भारताचा शीतकरण कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार तेव्हा देशातील केवळ आठ टक्के कुटुंबांकडे एसी होता, आणि २०३७-३८ पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर जाईल असा अंदाज होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील सर्वांत उष्ण प्रदेशांत राहणाऱ्या २८० कोटी लोकांपैकीही फक्त आठ टक्के लोकांकडे एसी होते, तर अमेरिका आणि जपानमध्ये ते नव्वद टक्के घरांत होते. म्हणजे आपल्याकडे आज जो पहिला एसी विकत घेतो, तो बहुधा स्लॅबच्या छताखाली वरच्या मजल्यावर राहणारा, घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असलेला, हप्त्यांवर वस्तू घेणारा माणूस आहे. पूर्वी आपण एसीशिवाय राहत होतो, हे त्याला ऐकवण्यात अर्थ नाही, कारण पूर्वी तो कौलारू घरात राहत होता, अंगणात झोपत होता, आणि रात्री हवा उतरत होती. आमच्याकडे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अजून काम देतो आणि एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्शात भागतो, परंतु तो कोरड्या हवेतच चालतो. मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत त्याचा उपयोग होत नाही. वातानुकूलित दालनात बसून दिलेल्या सल्ल्यात हे तपशील निसटतात, आणि ऐकणाऱ्याला तो सल्ला परका वाटतो.

शेतकऱ्याच्या विजेबाबतही हेच घडते. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्याने आणली आणि सुमारे ४४ लाख शेतकरी तिच्या कक्षेत आले. त्यावर टीका झाली. त्या टीकेतील आर्थिक मुद्दे मला बरेचसे मान्य आहेत. वीज फुकट असली की पाणी आणि वीज दोन्ही वाया जातात, हे मी फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून गावांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, पाहिलेले आहे. परंतु ज्या शेतकऱ्याला आठ तास वीज मिळते आणि त्यातही अनेकदा रात्रीच्या पाळीत बिबट्याच्या व सापाच्या भीतीत पाणी द्यावे लागते, त्याच्या पंपाला उधळपट्टी म्हणताना स्वतःच्या इमारतीचा रात्रभर चालणारा शीतकरण संच दृष्टीआड करणे न्याय्य नाही. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात भारनियमन झाले, तेव्हा ज्या फीडरवर वीजहानी आणि थकबाकी जास्त होती, त्यांवर ते आधी लागू झाले. त्या यादीत कोणत्या वस्त्या येतात हे सर्वांना माहीत आहे.

माध्यमांच्या बाजूने जे खरे आहे तेही नोंदवतो. छपाई आणि हवेचे नियंत्रण यांचे नाते जुने आहे. १९०२ मध्ये ब्रुकलिनमधील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि एकावर एक छापायचे रंग जागेवर बसत नसत. ती अडचण सोडवण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने जी यंत्रणा आखली, तिच्यातून आधुनिक वातानुकूलन जन्माला आले. आजही छापखान्यात कागदासाठी हवा नियंत्रित ठेवावी लागते, आणि संकेतस्थळे ज्या सर्व्हरवर चालतात, ते थंड ठेवणे अपरिहार्य असते. हा वापर गरजेचा आहे आणि त्याबद्दल कोणी माध्यमांना दोष देऊ नये. गरजेचा वापर कोणता आणि सवयीचा कोणता, हे वेगळे करून दाखवावे, एवढेच मागणे आहे, आणि घरांकडूनही माध्यमे नेमके तेच मागत असतात.

हे दाखवण्याची सोय आधीच झालेली आहे. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या, म्हणजे सेबीच्या, नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून आपला ऊर्जावापर आणि उत्सर्जन वार्षिक अहवालात नोंदवावे लागते. या यादीत येणाऱ्या माध्यम कंपन्या ते आकडे भागधारकांना देतात. जे आकडे भागधारकांना दिले जातात, ते वाचकांना वर्षातून एकदा पहिल्या पानावर देण्यात कोणती अडचण आहे? या यादीत न येणाऱ्या दैनिकांनी ते स्वेच्छेने द्यावेत.

आपल्या दैनिकापासून सुरुवात व्हावी, अशी माझी विनंती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही सल्लागाराची गरज नाही. आपल्या इमारतीचे उच्चदाब ग्राहकाचे मासिक बिल समोर ठेवावे. त्यात करारातील मागणी आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष नोंदलेली कमाल मागणी केव्हीए या विद्युतभाराच्या एककात दिलेली असते, एकूण युनिट असतात, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती युनिट वापरले, याची विभागणीही असते. छापखान्याची आणि संपादकीय कार्यालयाची जोडणी वेगळी असेल तर आकडे आपोआप वेगळे मिळतील. नसेल तर शीतकरण संचाला स्वतंत्र मीटर बसवणे हे एका दिवसाचे काम आहे. मार्च ते जून या चार महिन्यांचे आकडे आणि त्या काळात कार्यालयात ठेवलेले तापमान, एवढेच छापावे. पुढच्या वर्षी त्याच महिन्यांचे आकडे त्यांच्या शेजारी छापावेत. त्या बिलातील एखादा रकाना समजून घेण्यासाठी मदत लागली तर मी ती आनंदाने करीन.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त विद्युत अभियंता,
चंद्रपूर